समेटाचं प्रकरण

गेल्या शनिवारी मी सॅम्युअल अंकलना घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला गेले होते. तेव्हापासून लिहू की नको असं चाललंय... आज लिहितेच. अंकलना विचारूनच लिहितेय.

अंकल बुकित पंजांगला आमच्याच मजल्यावर राहतात. तमिळ, अँग्लिकन चर्चमधले, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. काचबिंदूने नजर जवळजवळ गेलीय. शनिवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे बसते... ते सांगतात, मी टाइप करते.

पुस्तक आहे सतराव्या शतकातल्या एका इंग्लिश पाद्र्यावर. त्याने आपल्या चर्चचा इतिहास लिहिला. यादवी युद्धात त्याचं घर लुटलं गेलं, जमवलेली सगळी पुस्तकं गेली, वेश बदलून लपतछपत फिरावं लागलं. पुढे डोळे गेले, तरी दुसऱ्याच्या हातून लिहून घेत राहिला.

मी नागपूरची, बौद्ध घरातली. कुठला पंथ कुणाशी का भांडला, हे मला सुरुवातीला काही कळायचं नाही. पण हा माणूस हळूहळू डोक्यात बसला... आवडावा असा नव्हता, तरीही.

विरोधकांबद्दल तो फार विखारी लिहायचा. अंकल एकदा म्हणाले, "लोकांनी काय केलं ते लिहावं. त्यांच्या मनात काय होतं तेही हाच ठरवून टाकायचा. तिथे चुकला."

त्याच काळात आणखी एका पाद्र्याने चर्चचा इतिहास लिहिला होता. दोघांनी छापील पानांतून एकमेकांचे वाभाडे काढले... आणि उतारवयात मिटवलं. अंकलच्या पुस्तकातलं हेच प्रकरण राहिलं होतं. विषय निघाला की म्हणायचे, "ते नंतर."

मग एका शनिवारी टायपिंग चालू असताना फोन आला. पुंगोलहून, रूथ आँटींचा... अंकलच्या धाकट्या भावाची, डॅनियलची बायको. डॅनियल हॉस्पिसमध्ये होते. फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते.

अंकलना भाऊ आहे, हेच मला त्या दिवशी कळलं! डॅनियलनी अँग्लिकन चर्च सोडून दुसरं, नव्या पद्धतीचं चर्च धरलं होतं. आई गेली तेव्हा तिचा अंत्यविधी कुणाच्या चर्चमध्ये करायचा, यावरून दोघे शवपेटीसमोरच भांडले. तेव्हापासून बोलणं बंद.

"अंकल, टॅक्सी बोलावू?" मी विचारलं.

"आधी प्रकरण संपवू. मग जातो."

आणि खरंच त्यांनी ते राहिलेलं प्रकरण घाईघाईने सांगायला घेतलं. दोघा पाद्र्यांचं भांडण भराभरा सांगून झालं. समेटापाशी आले की अडायचे, खोडायला लावायचे, पुन्हा सुरू करायचे... आधी भावाला भेटून या, असं मी खूप विनवलं. त्यांनी विषय बदलला.

डॅनियल गेले. अंकल अंत्यविधीलाही गेले नाहीत. "त्याच्या चर्चमध्ये माझं काय काम?" एवढंच म्हणाले.

गेल्या शनिवारी मी लॅपटॉप उघडला, तर म्हणाले, "राहू दे. मला रूथकडे ने."

MRT ट्रेनमध्ये सगळा वेळ माझं कोपर घट्ट धरून उभे होते. कुणीतरी सीट दिली, तरी बसले नाहीत.

रूथ आँटींनी दार उघडलं. मग अंकलचा हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत नेलं, आमच्यासमोर बार्लीचं पाणी ठेवलं.

अंकलनी ग्लासला हात लावला नाही. "तो माझ्याबद्दल काही म्हणाला? खरं सांग."

मी आँटींकडे बघत होते... डोळ्यांनी अक्षरशः भीक मागत होते. खोटं बोला हो. काहीतरी गोड सांगा.

"नाही," आँटी म्हणाल्या. "मी विचारलं होतं, सॅमला बोलावू का. त्याने मान फिरवली. पुन्हा विचारलं... पुन्हा तेच."

"रागाने?"

"ते मला कसं कळणार? तो बोलला नाही, आणि तूही आला नाहीस."

अंकलनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि ते रडायला लागले... आवाज न करता, खूप वेळ. मी उठून खिडकीपाशी गेले. खाली लहान मुलं स्कूटर फिरवत होती.

निघताना आँटींनी त्यांना चपला शोधून दिल्या. म्हणाल्या, "संडेला मी एकटीच जेवते. ये lah. भात जास्तच होतो."

परवा रविवारी अंकल जाऊन आले. मीच सोडलं, मीच आणलं. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

खोटं बोलणं आँटींना किती सोपं होतं... त्यांनी अंकलना खरं सांगितलं, आणि तरी जेवायला बोलावलं. मला यातलं एक तरी जमलं असतं का, कोण जाणे. थँक यू, रूथ आँटी.