खुर्चीवर बसलेला माणूस

जळगावच्या डाळमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या द्रौपदाबाईला बाप ठाऊक होता तो फक्त भिंतीवरचा. लष्करी पोशाख, भरघोस मिशा, खुर्चीवर ताठ बसलेला. नाव गिरधर, गाव पहूर. ती वर्षाची असताना तो पलटणीत भरती झाला आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आला. आई त्याआधीच तापानं गेली होती. चोपड्याकडच्या आजीनं तिला वाढवलं आणि पहूरशी येणंजाणं तुटलं.

तो फोटो लढाईवरून आला होता. त्यात दोन जवान होते. नजर अधू झालेल्या आजीनं आपला जावई बोटानं दाखवला आणि द्रौपदाबाईच्या लग्नाच्या वेळी फोटोवाल्यानं तेवढाच मोठा करून दिला. मूळ फोटो पुढं कुठं गेला, कुणास ठाऊक. तीस वर्षं ती रोज त्या फोटोशी बोलत आली. मुलं झाली, नवरा गेला, सगळं आधी त्याला सांगितलं.

सत्याऐंशी साली मामाचं जुनं घर पाडताना मामीला एक पिशवी सापडली. गिरधरची पत्रं! ती तिनं द्रौपदाबाईला आणून दिली. पण अक्षर मोडी. मुलांना वाचता येईना. गल्लीतले बन्सीलालभाऊ कोर्टातून निवृत्त झालेले, त्यांना मोडी येत होती. द्रौपदाबाई पिशवी घेऊन त्यांच्या ओट्यावर बसली.

थंडी, बर्फ, डबाबंद जेवण, असं वाचत वाचत भाऊ शेवटच्या पत्रावर आले. ते आई गेल्यावर आलेलं, म्हणून कुणी वाचून घेतलंच नव्हतं.

"'सोबत फोटो पाठवला आहे,'" भाऊ वाचत होते. "'खुर्चीवर बसला तो माझा जोडीदार वना, साक्रीचा. मागे उभा तो मी. द्रौपदीला दाखवणे.'"

"परत वाचा, भाऊ."

भाऊंनी परत वाचलं.

"खुर्चीवर कोण?"

"वना. साक्रीचा."

ती उठली ती थेट घरी. फोटोवर सकाळचाच हार होता. आपल्याच घरात परका माणूस बसलेला दिसावा तशी ती दारात थिजून उभी राहिली. थोरल्या मुलानं समजावलं, "जाऊ दे आई, इतकी वर्षं झाली."

"इतकी वर्षं मी हात कोणाला जोडले रे?"

तसाच दोघांचा फोटो त्या वनाच्या घरी तरी असेल, एवढ्या आशेवर ती धुळ्याची एस.टी. पकडून साक्रीला गेली. बाजारात 'लढाईवाला वना' म्हणून विचारलं, तर एका दुकानदारानं घरच दाखवलं. हाक मारल्यावर आतून एक म्हातारा काठी टेकत बाहेर आला.

मिशा पांढऱ्या, गाल बसलेले. पण डोळे तेच. कपाळ तेच.

द्रौपदाबाईनं तोंडावर पदर धरला.

"कोन शे, माय? काय व्हयनं?"

"मी गिरधरनी पोर शे. पहूरना गिरधरनी."

म्हातारा काठी टेकत तिच्याजवळ आला. "त्यानी पोर? द्रौपदी? पलटनमाईन सुटीसन घर उनू तवय पहूरले दोन कागद टाकात मी. जवाब उना नही."

"तीस वरीस मी तुमनाच फोटोले हार घाला, बाबा," ती म्हणाली आणि फोटोची सगळी हकिकत सांगितली. आपल्याला जिवंतपणी कुणी हार घालत होतं, हे वनाच्या डोक्यात शिरेना.

मग त्यानं ट्रंकेतून फडक्यात बांधलेला फोटो काढला. मागे उभा असलेला गिरधर काटकुळा, मोठ्या कानांचा, ओठ घट्ट मिटलेला.

"फोटोवाला हालू नका म्हने, न याले हासू येये," वना म्हणाला.

गिरधर कसा गेला तेही त्यानं सांगितलं. नदीला पूर होता, दोर धरून पलीकडं जायचं होतं. गिरधर त्याच्या मागेच होता. काठावर पोचून वनानं वळून पाहिलं, तर दोराला कुणीच नव्हतं.

द्रौपदाबाई रडली नाही. ती फोटोतल्या कानांवरून बोट फिरवत राहिली. हा पोरगा तिच्या धाकट्या मुलाहूनही लहान दिसत होता.

निघताना वनाच्या बायकोनं लेकीला द्यावं तसं लुगडं दिलं. वना म्हणाला, "आखाजीले येत जाय. मी शे तवलोंग हाई तुनं माहेर."

आजी गेल्यापासून आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिला माहेरी कुणी बोलावलं नव्हतं. वना होता तोवर ती दर साल गेली. पण भिंतीवरचं ते तोंड समोर बसून खोकतंय, चहा फुंकून पितंय, 'बस माय' म्हणतंय, हे पाहून दर वेळी ती आधी दारातच थबकायची.