उघड्या दाराचा सर्व्हर

आमचा सर्व्हर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा तो का सुरू झाला, हे मला कळलं नाही. आदल्या दिवशी मी नेमकं तेच सगळं केलं होतं आणि तो ढिम्म हलला नव्हता. माझा भागीदार म्हणाला, "चल रहा ना मियाँ? बस, अब हाथ नक्को लगा." मी हात लावला नाही. पण न कळता चालू झालेली गोष्ट न कळताच बंद पडणार, ही धास्ती त्या दिवशी मनात शिरली ती पुढे गेलीच नाही.

इंटरनेटमधली सरकारी मक्तेदारी संपून खासगी कंपन्या नुकत्याच आल्या होत्या. हैदराबादेत जो तो कॉम्प्युटरचीच भाषा बोलत होता. मी आणि कॉलेजातला हा मित्र, आम्ही नल्लकुंट्यात एका घराच्या माडीवरची खोली घेतली, चोवीस तासांची जोडणी घेतली आणि आसपासच्या छोट्या ऑफिसांची मेल आपल्या सर्व्हरवरून चालवायची असं ठरवलं. एक पॅथॉलॉजी लॅब, एक छापखाना, एक ग्रॅनाइटचा व्यापारी. सगळे जवळच्या गल्ल्यांतले, त्यामुळे छपरांवरून वायरी टाकून जोडता आले. गिऱ्हाइकं तो बघायचा, यंत्र मी.

यंत्र बघायचं म्हणजे मुख्यतः निवड करायची, आणि तिथंच माझी गाडी अडायची. ऑपरेटिंग सिस्टिम विकतची घ्यावी की मासिकाच्या सीडीवर फुकट आलेली? भागीदाराला फुकटाचा संशय. "फुकट का है तो कुछ तो लफडा होंगा," हे त्याचं ठरलेलं. मेल पोचवणारे प्रोग्रॅम तर कितीतरी होते आणि ज्याला विचारावं तो दुसऱ्याच्या निवडीला हसायचा. अमीरपेठेतला कॉम्प्युटर क्लासवाला एक सांगे, सगळ्या वायरी जोडायचा हब देणारा भलतंच. बॅटरीवाल्याचं मत असं, की बाकी काहीही घ्या, बॅटरी तेवढी चांगली घ्या. पुढं एकट्या त्याचंच म्हणणं खरं निघालं. मी थोडं थोडं सगळ्यांचं ऐकलं आणि एक ना धड भाराभर चिंध्या करून ठेवल्या. शेवटी एक मेल प्रोग्रॅम पक्का केला, तो एवढ्यासाठी, की कोठी भागातल्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांत त्याच्यावरचं पुस्तक मिळालं. ते पुस्तक मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला वेगळं काहीतरी समजलं.

याच सुमारास अक्काचं काम आमच्याकडे आलं. अक्का माझी थोरली बहीण, अंबरपेठेत सासरी होती. दाजींचा कारखाना बंद पडला आणि ते घरी बसले. अक्काचं इंग्रजी चांगलं, हात जलद. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची माहिती बोलून ठेवायचे, ती ऐकून टाइप करून पाठवायचं काम तिला सिकंदराबादच्या एका ऑफिसमार्फत मिळालं. सासूबाईंची अट एकच होती, काय करायचं ते घरात बसून कर. मग मधल्या खोलीत कॉम्प्युटर आला आणि अक्का दिवसभर कानाला हेडफोन लावून बसू लागली. सारं घर तिच्या टायपिंगवर चाललं होतं, तरी कुणी विचारलं तर उत्तर असायचं, "ती घरीच असते."

काम ठरल्या वेळेत पोचलं नाही तर बंद होईल, असं तिला स्पष्ट सांगितलेलं होतं. आणि तिच्या इंटरनेट कंपनीची मेल कधी तासाने जायची, कधी दुसऱ्या दिवशी. मी म्हणालो, "अक्का, तू माझ्या सर्व्हरवरून पाठव." बोलून तर बसलो.

अंबरपेठेपर्यंत वायर जाणार नव्हती. अक्का फोन लावून तिच्या त्या इंटरनेट कंपनीच्या जोडणीवरून यायची आणि दर वेळी तिच्या कॉम्प्युटरला इंटरनेटवरचा नवा क्रमांक मिळायचा. सर्व्हर माणसं क्रमांकावरून ओळखतो. लॅब आणि छापखाना त्याच्या ओळखीचे होते, माझी सख्खी बहीण मात्र त्याच्या लेखी रोज नवीन कुणीतरी. पुस्तकाप्रमाणे मार्ग दोनच. ओळखीच्यांचीच मेल पुढे न्यायची, नाहीतर येईल त्याची न्यायची.

मी भागीदाराला विचारलं. त्यानं हा यंत्राचा प्रश्न आहे असं मानलंच नाही. "घर पे आए सो आदमी कू दरवाजे पेच खडा करके नाम पूछते क्या? अपने में ऐसा नै करते." मलाही ते पटलं. आमच्या घरी गावाकडून कोर्टाला, दवाखान्याला आलेली माणसं ओसरीत झोपायची, आणि कोण, कुठले, कुणाकडून नात्यातले, हे जेवणं झाल्यावर विचारायचं अशी रीत होती. मी सर्व्हरला सांगितलं, सगळ्यांना येऊ दे.

काही दिवस सुखाचे गेले. मग हबवरचे दिवे, जे अधूनमधून लुकलुकायचे, ते विझायचेच बंद झाले. आम्हाला वाटलं, धंदा वाढला. भागीदारानं उस्मानिया बिस्किटं आणली. खरं असं होतं, की जगभरातल्या कुणाकुणाला आमचं उघडं दार सापडलं होतं आणि केसांच्या तेलापासून लॉटरीपर्यंतच्या जाहिराती ते आमच्यामार्फत लोकांच्या माथी मारत होते. पाहुण्यांची सरबराई आमची, आणि नावही आमचंच खराब झालं. परदेशातल्या सर्व्हरांनी आमच्याकडचं काही घ्यायचं बंद केलं. लॅबची मेल परत आली. त्याच सकाळी अक्काचीही आली.

दार लावणं भाग होतं. पण लावलं की अक्का बाहेर. मी दोन दिवस नवे नवे प्रोग्रॅम चढवले, उतरवले, एकाच्या नादात दुसरा बिघडवला. आपण काय करतोय हे मलाच कळेना आणि मला अक्षरशः रडू येत होतं. शेवटी दार लावलं, तशी आमची मेल पुन्हा सगळीकडे जाऊ लागली, आणि मी अंबरपेठेला जाऊन सासूबाई आणि दाजींसमोरच सगळं सांगितलं. वर म्हणालो, "मी रोज येऊन फ्लॉपी घेऊन जात जाईन."

"फ्लॉपी वाटेत बिघडते," अक्का म्हणाली. "मग सगळं परत टाइप करत बसू का?"

मग दाजी म्हणाले, "तर मग हिलाच तिकडं जावं लागंल. तुझी दुरुस्ती होईस्तोवर." सासूबाई म्हणाल्या, "काम झालं की सरळ घरी यायचं." अक्का खाली बघत होती. मला वाटलं, तिच्या जिवावर आलंय.

ती बसने येऊ लागली. खिडकीजवळचं टेबल तिनं घेतलं. भागीदाराच्या घरची खट्टी दाल तिला आवडली, तिचं थालीपीठ त्याला. काम पाठवून झालं तरी तिचा पाय निघायचा नाही. कधी खालच्या गल्लीतल्या बायकांचं भाजीवाल्याशी चाललेलं भांडण ऐकत उभी राहायची, कधी हबचे दिवे कशाचे म्हणून विचारायची, आणि मी सांगितलेलं तिला माझ्यापेक्षा लवकर समजायचं. एकदा ती इतकी हसली की मी दचकलो. किती वर्षांत ते हसणं ऐकलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात एकच होतं, माझ्यामुळं हिची रोजची वणवण. मी इरेला पेटलो होतो.

आणि एक दिवस तो प्रोग्रॅम सापडला. इवलासा, फुकटचा. माणसानं आधी पासवर्ड देऊन आपली आलेली मेल उचलायची. ते केलं की त्याचा त्या वेळचा क्रमांक सर्व्हर थोडा वेळ ओळखीचा मानतो आणि त्याची मेल पुढे नेतो. मग अक्का घरून कुठल्याही क्रमांकावरून आली तरी चालणार होतं. भागीदाराच्या घरच्या फोनवरून करून पाहिलं. मेल गेली. का गेली हे अर्धंच कळलं होतं, पण गेली. मी धावतच अक्काच्या टेबलाशी आलो.

"अक्का, झालं. उद्यापासून घरूनच कर. यायची गरज नाही."

तिनं हेडफोन काढला. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल.

"घरी सांगितलास?"

"अजून नाही. आत्ताच झालंय."

"मग नको सांगू," ती म्हणाली, आणि हेडफोन लावून पुन्हा टाइप करू लागली.

मी तिथंच उभा राहिलो. ज्यासाठी एवढा जीव आटवला ते तिला नकोच होतं, आणि तिला काय हवंय हे आजवर मी तिला विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी ती गेल्यावर खाली घरमालकांकडे दाजींचा फोन आला. दुरुस्तीचं कुठवर आलं, म्हणून विचारत होते.

"अजून काही कळत नाही, दाजी," मी म्हणालो. "बराच वेळ लागंल."