पान उलटण्याचा आवाज

परवाच्या मैफलीत बाई चष्मा आणि स्वरलिपीचं पुस्तक घेऊन मंचावर आल्या, तशी सभागृहात कुजबुज सुरू झाली. पियानोवादकानं एकट्यानं मैफल करायची ती सगळं पाठ करूनच, असा रिवाज. बाईंनी तो चाळीस वर्षं पाळला. सत्तरीत मात्र मधलीच एखादी ओळ हरवायला लागली. मग त्यांनी सरळ पुस्तक समोर ठेवलं आणि पानं उलटायला मला, त्यांच्या जुन्या शिष्येला, शेजारी बसवलं.

"लोक म्हणतील, बाई विसरायला लागल्या," मी विंगेत म्हणाले होते.

"लागलेच आहे! म्हणून वाजवायचं सोडू की काय?"

पहिलं पान मी चोरट्या हातानं, अलगद उलटलं. वाजवता वाजवताच बाई पुटपुटल्या, "घाबरतेस काय? ऐकू दे की सगळ्यांना."

वय झालं की आपण काय काय लपवत बसतो! काठी नको म्हणून भर उन्हाळ्यात लांब दांड्याची छत्री नेतो. समोरच्याचं ऐकू आलं नाही तरी हसून मान हलवतो. आधार घेतला की लाज, आणि आधाराविना घरी बसलं की म्हणे शोभतं. कुणाला शोभतं?

पुढचं पान मी फर्रकन उलटलं. मग उजव्या कानावर मुद्दाम ओढलेले केस मागे सारले. दिव्यांच्या झोतात माझं कानातलं यंत्र शेवटच्या रांगेपर्यंत चमकलं असेल.

चमकू दे.