कावळा का शिवला नाही

परदेशीपुऱ्यात आमची आणि सुहासिनीची भिंत एकच. तिच्या घरात ताट पडलं तरी मला कळायचं. म्हणून छातीवर हात ठेवून सांगते, त्या घरात तिच्या नवऱ्याला, बाबूरावांना, कधी कुणी टाकून बोललं नाही.

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास बाबूरावांची मिल बंद पडली. तरी ते वेळेवर डबा घेऊन निघायचे आणि बंद फाटकापाशी बसून परत यायचे. सुहासिनी लोकांकडे पोळ्या लाटायला जाऊ लागली, पण तो डबा तिनं एक दिवस चुकवला नाही. मग एका दुपारी बाबूराव परतले नाहीत. मिलमागच्या विहिरीत सापडले.

दहाव्याला पुरुषमंडळी नदीवर गेली. पिंडाला कावळा शिवेना. थोरले दीर नानासाहेब हात जोडून वचनं देत राहिले. मिलवाल्यांना कोर्टात खेचू, पुष्करला शिकवू, घर सांभाळू. कावळे झाडावरच. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. घरी येऊन दारातच, सगळ्यांदेखत नानासाहेब म्हणाले, "बायकोच्या जिभेनं गेला माझा भाऊ. जीव सुटेल कसा?"

आमच्यात बायका नदीवर जात नाहीत. त्यामुळे बाबूरावांच्या मनात काय राहिलं, हे ज्या एका माणसाला ठाऊक होतं, तिलाच कुणी विचारलं नाही. तिचा पुष्कर तेव्हा लहान. काकांचं ते वाक्य ऐकतच मोठा झाला. मला आजही त्या वाक्याचा राग येतो. देवापुढे बसले तरी उतरत नाही.

पुष्कर कॉम्प्युटर शिकला. क्लासच्या प्रदर्शनासाठी त्यानं भुताचा एक गेम बनवला आणि एका दुपारी आम्हा दोघींना हौसेनं दाखवला. अंधारी चाळ, मधूनच मिलचा भोंगा. वडिलांचं भूत घरात अडकलेलं. खोल्याखोल्यांतून कोडी सोडवायची, त्यांचा जीव कशात अडकला ते ओळखायचं आणि पिंडापुढे बरोबर वचन निवडायचं. कावळा शिवला की जिंकलात. वाटेत एक हडळ आडवी यायची. हिरवं लुगडं, हातात लाटणं, तोंडी सारखं 'निकम्मा, निकम्मा'. लुगडं सुहासिनीचंच होतं.

मी बोलायला तोंड उघडलं, तर पुष्कर म्हणाला, "मावशी, गेम आहे यार. व्हिलन तो चाहिए ना."

सुहासिनीनं त्याला खुर्चीवरून उठवलं. स्वतः बसून पडद्यावरचं एकेक वचन सावकाश वाचलं.

"यात नाही ते," ती म्हणाली.

"काय नाही?"

"तुझ्या बाबांनी मागितलं ते. आदल्या दिवशी रिकामा डबा माझ्या हातात देत म्हणाले, मला काही झालं तर लोक तुला बोल लावतील, तेवढं व्हायला नको. मी म्हटलं, अभद्र बोलू नका. काकांनी पिंडापुढे सगळं कबूल केलं आणि घरी येऊन नेमकं तेच केलं. आणि आता तू, माझं लुगडं नेसवून."

पुष्करचं तोंड उतरलं. गेम बदलतो म्हणाला, हडळ काढतो, हे वचन टाकतो.

"त्यात नंतर टाक. आधी जिथे म्हणायचं तिथे म्हण."

पितृपक्ष चालूच होता. सर्वपित्रीला तिनं छत्रीबागेतल्या त्यांच्या घरून नानासाहेबांना मुद्दाम बोलावून घेतलं. गच्चीवर पान ठेवलं. पुष्कर काकांकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "बाबा, आईला यापुढे कुणी बोल लावणार नाही. मी नाही, काकाही नाहीत."

नानासाहेब पुटपुटले, आपण असं कधी म्हटल्याचं आठवत नाही.

"म्हणालात," मी म्हटलं. "मी उंबऱ्यातच उभी होते."

कावळा शिवतो की नाही, हे बघायला सुहासिनी थांबली नाही. ती खाली गेली आणि नानासाहेबांच्या आधी स्वतःचं पान वाढून जेवायला बसली.