खांबातला नवरा

धामणगाव बढ्याच्या बायका पाणवठ्यावर एकमेकींच्या कानाला लागून सांगत, घळीवरच्या पुलाच्या मधल्या खांबात पंजाबराव जिवंत चिणलाय, आणि त्याच्या बदल्यात त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, पूल बांधणाऱ्या साहेबाकडून लुगडं घेतलंय. लुगड्याचा रंग मात्र दर बाई वेगळा सांगे.

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, त्या काळातली ही गोष्ट. पूल नव्हता तेव्हा जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जाणारी कापसाची गाडी घळीत उतरे, आणि ती वर ओढायला जादा बैलजोडी लागे. ती जोडी उत्तमरावची, भाड्यानं मिळे. अशा माणसाच्या पोटावर पाय देणाऱ्या पुलासाठी गोजरबाई आणि पंजाबराव चुना मळायची घाणी हाकत. गावाच्या डोळ्यांत दोघं आधीच सलत होती. त्यात मधला खांब वर आला आणि पंजाबराव दिसेनासा झाला.

उत्तमरावला आयतंच सापडलं. पुलाच्या तोंडाशी बसून तो ओरडे, "मुर्द्यावरून गाडी नेऊन राह्यला का बे? बैल मरतीन तुहे!" निम्मे गाडीवान मुकाट्यानं घळीत उतरत.

उघड विचारलं तर गोजरबाई हो म्हणेना, नाही म्हणेना. कपाळावर कुंकू मात्र रुपयाएवढं. गावाला खुपलं ते तेच. संक्रांतीला ती बोलावणं नसताना उत्तमरावच्या बायकोच्या, मनकर्णाबाईच्या, ओसरीवर जाऊन बसली. बायका अंग चोरून सरकल्या.

"काऊन वं गोजरे, नवरा गाडला न् कुंकू मिरवून राह्यली?" मनकर्णाबाईनं पदर ओला केला आणि तिच्या कपाळाकडे हात नेला. "थांब, पुसतोच आज!"

गोजरबाईनं मनगट धरलं नाही. कपाळ उलट पुढे केलं.

"पुसा ना. पूल उभा हाये तोवर माहा धनी उभा हाये. कुंकू गेलं का पूल गेला. आता पुलावर कोण असंन ते पाहा."

"कोण असंन?"

"तुमचे जावई, वामनराव. सासरा बैलाचं भाडं सोडत नाही म्हणून रोज चोरून पुलावरूनच तं जाते बिचारा."

ओसरीवर कुणीतरी खुदकन हसलं. मनकर्णाबाईचा हात हवेतच राहिला. मग तिनं दात-ओठ खात करंडा उघडला आणि त्याच कपाळावर बोटभर कुंकू लावलं.

तेव्हापासून कापसाचे दिवस आले की गाडीवानांच्या बायका आधी गोजरबाईला कुंकू लावून जात. प्रेमानं एकही नाही. दाराबाहेर पडल्या की शिव्या घालत. गोजरबाई आतून ऐकत असे. मरेपर्यंत तिचं कपाळ कधी रिकामं राहिलं नाही.

पंजाबराव खांबात नव्हता. तो खामगावच्या एका जिनात कामाला होता आणि तिथं त्यानं दुसरी बायको केली होती. लुगडं कुणी दिलं नव्हतं. गोजरबाईला टाकलेली म्हणवून घ्यायचं नव्हतं. खांबाची गोष्ट पाणवठ्यावर पहिल्यांदा तिनंच एकीच्या कानात सांगितली होती.