विहिरीचा दगड

कोरपन्याजवळच्या आमच्या शेतात विहीर खोदली, तेव्हा निघालेला दगड मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मुलाच्या घरासाठी रचून ठेवला होता. माझ्या लग्नाआधीपासूनचा तो ढीग. घर बांधायचं ठरलं तेव्हा मिस्त्री मला म्हणाला, "बाई, दगड फुकट हाय, पण घडवाची मजुरी, रुंद भिंत, सिमेंट, सारं जास्त लागते. विटेत स्वस्त पडते." मी वहीत दोन्ही खर्च मांडले. विटेच्या घरावर आमच्याजवळच्या पैशांत स्लॅबही पडत होता. दगडाच्या घरात पैसे भिंतींतच संपत होते.

"तूच सांग बाबाले," नवरा म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला.

संध्याकाळी मामाजी समोर येऊन बसले. "काय म्हणते सूनबाई, तुहा हिशोब? दगडातच फायदा हाय ना?"

मी वही मिटली. "सारखंच पडते, मामाजी."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाया आखून घेतला. भिंती उभ्या राहिल्या, पैसे संपले आणि वर स्लॅबऐवजी टिनं आली. हा तिसरा उन्हाळा. टिनाखाली दुपारी भाकरी थापताना जीव घुसमटतो. बाहेर मामाजी आल्यागेल्याला भिंत दाखवतात, "शंभर वर्ष हालत नाई." मी आतून ऐकते. आता खरं सांगणं जमायचं नाही.

नवऱ्यानं एकदाच विचारलं, "काऊन खोटं बोलली?"

"तुम्ही काऊन निघून गेले?" मी म्हटलं.

 तो टिन तापू नये म्हणून वर टाकायला तुरीच्या तुराट्या आणायला गेला.