देव्हाऱ्यातली ओली काडेपेटी

इथे लोक जे अनुभव लिहितात ते मी नेमाने वाचते, आणि निम्म्या वेळा मनातल्या मनात त्यांच्या चुका काढते. सवय आहे, मी सायन्सची टीचर. बाहेरचं लागणं, अंगात येणं असलं काही घरात कुणी नुसतं बोललं तरी माझं डोकं फिरायचं. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण लिहिते.

साल दोन हजारच्या आगेमागचं. कुवेतला फहाहीलमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या बंगल्याचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला होता. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि पाच वर्षांची ऋचा. कुवेत म्हटलं की लोकांना फक्त उन्हाळा आठवतो. जानेवारीत तिथे वाळवंटावरून असं वारं सुटतं की दातावर दात वाजतात. म्हणून घरमालकाने कधीकाळी हौसेने परदेशातून गॅसची भट्टी आणून पॅसेजच्या कोनाड्यात बसवली होती. उभ्या कपाटाएवढी. सिलिंडर बाहेर अंगणात, बर्नर आत, आणि गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्यांत.

आता ऐका. आमचे हे शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये एसी-हीटिंगचे मेकॅनिक. लोकांच्या भट्ट्या, बॉयलर दुरुस्त करून दुवा घ्यायचे. आणि घरची भट्टी? दिव्याखाली अंधार.

त्या भट्टीने बिचारीने किती परीनं सांगून बघितलं. चालू करायला जावं तर नुसती टिकटिक, ज्योत नाही. कधी उशिरा पेटायची आणि भप्पकन सगळा पत्रा हादरायचा. थर्मोस्टॅट बंद केला तरी आत बारीक निळी ज्योत रेंगाळत राहायची. म्हणजे गॅसचा वॉल्व धड उघडत नाही आणि धड मिटतही नाही. एवढं कळायला मेकॅनिक व्हावं लागत नाही.

"अगं, ज्योत ओळखणारं थर्मोकपल बदललंय मी. वॉल्व जरा चिकटतो, बाकी काही नाही."

"चिकटतो तर बदला ना."

"तो रिपेअर होत नाही, अख्खा नवा टाकावा लागतो. शुवैखला मिळाला की आणतो. बुकरा."

बुकरा म्हणजे उद्या. एवढ्या वर्षांत अरबीतला हा एक शब्द ह्यांनी घरमालकाकडून अगदी व्यवस्थित उचलला होता.

तोवर इलाज काय, तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वॉल्ववर टकटक करायचं. चिकटलेला वॉल्व सुटतो आणि भट्टी पेटते. सगळे मेकॅनिक करतात म्हणे. त्यात संगमेश्वराकडून सासूबाई आल्या, व्हिजिट व्हिसावर. त्यांना थंडी सोसेना, आणि दिवसभर मी शाळेत, मग ट्यूशनला. तेव्हा ह्यांनी आपल्या आईलाही ती विद्या शिकवून टाकली. त्या लाटण्याने ठोकायच्या.

"ठोकली की ऐकते बग," त्या मला कौतुकाने सांगायच्या. मी दमूनभागून घरी यावं आणि पोळ्यांचं लाटणं भट्टीवर शोधावं, असं चाललं होतं.

देव्हारा त्याच पॅसेजच्या टोकाला, जमिनीवर पाटावर मांडलेला. तिन्हीसांजेला सासूबाई ऋचाला शेजारी बसवून निरंजन लावायच्या आणि तिच्याकडून शुभंकरोति म्हणवून घ्यायच्या. दिवा लावायचा तो काडीनेच. स्वयंपाकघरात गॅसचा लायटर होता, पण त्याला त्या हात लावायच्या नाहीत.

"ज्या चापान मटान शिजवायचा, त्यान देवाचो दिवो लावू?" कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, मी त्यांना काडेपेट्यांचं पुडकं आणून दिलं.

आणि मग ते सुरू झालं. एका संध्याकाळी काडी ओढली तर पेटेना. पेटी ओली. दमट नव्हे, दाबली तर पाणी निघेल इतकी ओली. ज्या कुवेतमध्ये थंडीत ओठ फुटून रक्त येतं, तिथे!

"आई, पूजेचं पाणी सांडलं असेल."

"नाय गो. पेटी मी वर ठेवते. पाणी वर कसा जाईल?"

दुसऱ्या दिवशी नवी पेटी काढली. तीही ओली, आणि पुडक्यातल्या बाकीच्याही. तिसऱ्या दिवशी मी घरात पाऊल टाकते तोच ऋचा समोर. "मम्मी, इट्स वेट अगेन." रोज मी चपला न काढता परत बकाल्यात जायची, आणि दिवा लागेपर्यंत सासूबाई तोंड पाडून बसायच्या. ऋचाला दरडावून झालं. ह्यांना विचारून झालं. "वयामानाने होतं असं, विसरत असतील," मी ह्यांना म्हटलं, ते सासूबाईंनी ऐकलं आणि रात्रभर माझ्याशी बोलल्या नाहीत. भट्टी वेगळी छळत होती, काडेपेटी वेगळी, आणि ह्यांचं बुकरा चालूच.

शेवटी मी सायन्स टीचरसारखी वागले. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कापसाच्या वाती आणि कोरडी पेटी घातली, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि शाळेत गेले. आता बघूच म्हटलं.

संध्याकाळी दार उघडलं आणि नाकात गॅसचा वास घुसला. आजी-नात दोघी त्या आठवड्यात सर्दीने बेजार, त्यांना कशाचाच वास येत नव्हता. भट्टी विझलेली, लाटणं वर ठेवलेलं. दुपारी ठोकून पेटवली होती. पुढे कधीतरी ज्योत गेली, पण वॉल्व उघडाच अडकून राहिला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. आणि त्या दोघी जमिनीवर बसल्या होत्या, निरंजनासमोर. सासूबाई एकामागून एक काडी ओढत होत्या.

"आलीस? बग, आजपन भिजली. तुझ्या डब्यातलीपन."

मी ऋचाला काखोटीला मारलं, सासूबाईंचा दंड धरला आणि बाहेर ओढलं. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. अंगणात जाऊन सिलिंडर बंद केला, मग श्वास रोखून सगळी दारं-खिडक्या उघडल्या आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. सासूबाईंच्या मुठीत ती पेटी अजून होती. मी ती हातात घेतली तर पाणी माझ्या मनगटावरून खाली ओघळलं.

वास गेल्यावर आत जाऊन डबा बघितला. चिकटपट्टी सासूबाईंनीच काढली होती, मी लावून गेले होते तशीच ती घट्ट होती म्हणाल्या. आतल्या वाती कोरड्या ठणठणीत.

ह्यांनी येऊन वॉल्व उतरवला, हातात उलटसुलट करून पाहिला आणि तो तसाच मांडीवर घेऊन बराच वेळ अंगणात बसून राहिले. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. नवा वॉल्व दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. ह्यांचं बुकरा तेवढं एकदाच खरं झालं.

त्यानंतर पेटी कधीही भिजली नाही. तोच देव्हारा, तोच डबा, त्याच बकाल्यातल्या पेट्या. दव म्हणावं तर वाती कोरड्या कशा? कुणी मुद्दाम केलं म्हणावं, तर घरात होतं कोण? मी सगळ्या बाजूंनी विचार करून थकले. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "कुनीतरी हाय आपला. नाव कशाला इचारायचा?" मला हे उत्तर तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

सासूबाई आता नाहीत. आम्ही परत आलो, पुण्यात राहतो. तिन्हीसांजेला दिवा मी लावते, काडीनेच. काडी काढायच्या आधी पेटीवरून अंगठा फिरवून बघते. इतकी वर्षं कोरडीच लागली आहे. एखाद्या दिवशी ओली लागलीच, तर या वेळी मी कुणावर चिडणार नाही. आधी दारं उघडीन.